सिस्टिक फायब्रोसिस : बालरोग विभागातून प्रौढ सेवेत स्थित्यंतर (ग्रामीण विदर्भ)

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार असलेली मुले वयात येताना बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीतून प्रौढांच्या उपचार विभागाकडे जातात. ही वाटचाल आखून, तयारीनिशी आणि काही वर्षे घेऊन व्हावी या दृष्टीने केलेल्या व्यवस्थेला स्थित्यंतर सेवा म्हणतात. केसपेपर एका ओपीडीतून दुसऱ्या ओपीडीत जाणे हा या व्यवस्थेचा अखेरचा भाग. त्याआधी औषधे, श्वसनाचे व्यायाम, आहार आणि धोक्याची लक्षणे यांची जबाबदारी आईवडिलांकडून हळूहळू रुग्णाकडे यावी लागते. प्रस्तुत नोंद नागपूर व अमरावती या महसुली विभागांतील अकरा जिल्ह्यांच्या ग्रामीण भागापुरती आहे.

आजार : सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या म्हणजे हा आजार होतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा बिघडल्याने फुप्फुसांतील व स्वादुपिंडातील स्राव घट्ट होतात आणि घामातून मीठ अवाजवी प्रमाणात जाते. वारंवार न्यूमोनिया, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच, खाऊनही न भरणारे अंग आणि मुका घेतल्यावर खारट लागणारी कातडी ही लहानपणची लक्षणे. आईवडील दोघेही केवळ वाहक असतात, म्हणजे त्यांची एकच प्रत सदोष असते व त्यांना आजार नसतो. सिकलसेलमुळे विदर्भातील गावांत ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) हा भेद बहुतेकांच्या कानावरून गेलेला आहे. त्याच धर्तीवर समजावून सांगितले तर हा आजारही पालकांच्या लवकर ध्यानात येतो.

युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे २,५०० जन्मांमागे एक रुग्ण आढळतो. भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे अंदाज मुख्यतः परदेशस्थ कुटुंबांवरून बांधलेले असून ते १०,००० मागे एक ते ४०,००० मागे एक असे बरेच पसरट आहेत. यांपैकी १०,००० मागे एक हा आकडा, म्हणजे आजार समजला जातो त्याहून अधिक असल्याचे सुचवणारा, अधिक ग्राह्य वाटतो. कारण आपल्याकडे निदानच निसटते. एफ५०८डेल हे पाश्चात्त्य रुग्णांत सर्रास आढळणारे उत्परिवर्तन भारतीय रुग्णांच्या निरनिराळ्या अभ्यासांत १९ ते ४४ टक्केच मिळाले आहे. त्यामुळे पाश्चात्त्य नमुन्यावरील मर्यादित जनुकचाचणी ‘नॉर्मल’ आली, एवढ्यावरून आजार नाही असे ठरवता येत नाही. घामातील क्लोराइडची चाचणी (लिटरमागे ६० मिलिमोल वा अधिक) हाच मुख्य आधार राहतो. प्रौढ विभागात जाणाऱ्या फाईलीत या चाचणीचा मूळ कागद असणे अत्यावश्यक आहे.

इतिहास : स्थित्यंतराच्या कल्पनेचा उगम कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा बहुतेक रुग्ण बालपणीच दगावत. प्रौढ सेवेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रतिजैविके, स्वादुपिंडाची विकरे (पाचक एन्झाइम) आणि छातीची फिजिओथेरपी यांमुळे आयुर्मान वाढले, तसे वाढत्या वयाचे रुग्ण बालरोग विभागातच साठत गेले. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात जॉन बॅटन यांनी १९६५ मध्ये प्रौढांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. ब्रिटिश लेखक सहसा आरंभ तेथूनच मोजतात. अमेरिकी परंपरेत मात्र अपंग तरुणांच्या स्थित्यंतरावरील १९८४ ची परिषद, १९८९ मध्ये सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी बोलावलेली परिषद आणि १९९३ मधील सोसायटी फॉर अडोलेसंट मेडिसिनचे निवेदन यांना आरंभबिंदू मानतात. या निवेदनात स्थित्यंतराची व्याख्या ‘हेतुपूर्वक व नियोजित’ वाटचाल अशी आहे आणि पुढील बहुतेक दस्तऐवजांनी तीच पुढे चालवली. ब्रॉम्प्टनच्या क्लिनिकने प्रौढ रुग्णांना जागा दिली, पण तेथवर पोहोचण्याची तयारी हा विषय पुढे दोन दशकांनी स्वतंत्रपणे मांडला गेला, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. अमेरिकेतील बालरोग, कुटुंबवैद्यक व अंतर्वैद्यक या तीन संघटनांचे एकत्रित निवेदन २००२ मध्ये आले. २०११ व २०१८ मध्ये ते सुधारण्यात आले. ब्रिटनमधील नाइस संस्थेची मार्गदर्शिका २०१६ ची आहे. तयारी १३-१४ व्या वर्षापासून सुरू करावी, यावर हे दस्तऐवज साधारणपणे सहमत आहेत.

भारतातील पहिली रुग्णवृत्ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असून त्यांत चंडीगढ येथील १९६८ चे वृत्त नेहमी उद्धृत होते. पुढील काळात दिल्लीच्या एम्स व वेल्लोरच्या सीएमसी या संस्थांतून मोठे रुग्णसमूह पुढे आले. भारतीय वाङ्मयाचा भर मुख्यतः निदानावर व बालवयावर आहे.

वयाची मर्यादा : शासकीय रुग्णालयांत बालरोग वॉर्डाची मर्यादा प्रायः १२ वर्षे असते, काही संस्थांनी ती १४ वा १८ पर्यंत नेली आहे. बारा हा आकडा कोठून आला, याचे दोन प्रकारे स्पष्टीकरण करता येते. भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ व ९० नुसार बारा वर्षांखालील मुलाची संमती ग्राह्य नसे आणि त्याच्या हिताच्या कृत्यास पालकाची संमती लागे. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही रेघ कायम आहे. दुसरे स्पष्टीकरण खाटांचे : वाढलेल्या मुलाला छोट्या खाटेवर, लहानग्यांच्या आयांमध्ये ठेवणे अवघड जाते. कायद्याशी जोडलेला संबंध आकर्षक असला तरी वॉर्डाची वाटणी ही प्रामुख्याने जागेची सोय असावी. भारतीय बालरोग अकादमी १८ वर्षांपर्यंतचे वय बालरोगाच्या कक्षेत धरते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादाही १८ आहे. परिणामी एकाच मुलाला शाळेतील तपासणी पथक ‘बालक’ म्हणून जिल्ह्याला पाठवते आणि जिल्ह्याचा भरती विभाग त्याला मेडिसिनच्या वॉर्डात धाडतो. या सहा वर्षांच्या फटीत विदर्भातील कित्येक मुलांचे स्थित्यंतर कोणी न ठरवताच होऊन जाते. भरतीच्या रात्री, तेराव्या-चौदाव्या वर्षी, अनोळखी डॉक्टरांसमोर.

उन्हाळा व मीठ : या आजारात घामावाटे मीठ जाते, हे निरीक्षण मुळात उष्णतेमुळेच हाती लागले. न्यूयॉर्कमधील १९४८ च्या उष्ण लाटेत उन्हाने गळून दाखल झालेल्या मुलांत या आजाराची मुले लक्षणीय प्रमाणात होती. केसलर व अँडरसन यांनी ते १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. पॉल दि सांत आन्येझे व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दोष घामातील क्षारांत असल्याचे दाखवले आणि गिब्सन व कुक यांनी १९५९ मध्ये पायलोकार्पिनने घाम आणण्याची आजही प्रचलित असलेली पद्धत दिली. श्रेय केवळ १९५३ च्या शोधनिबंधास देण्याची प्रथा आहे. अँडरसन यांच्या वॉर्डातील नोंदींशिवाय तो प्रश्न पुढे आला असता का, याची शंका वाटते. खारट कपाळाच्या मुलाविषयीच्या जुन्या युरोपीय लोकसमजुतींचा दाखलाही दिला जातो, पण त्यांची कालनिश्चिती सैल आहे.

विदर्भासाठी हा इतिहास अगदी जवळचा आहे. चंद्रपूर, नागपूर, वर्धा, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात घामावाटे मीठ जाऊन रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड उतरतात आणि अल्कता वाढते. मूल सुस्तावते, उलट्या करते, त्याचे हातपाय गळतात. वैद्यकात या स्थितीस आभासी बार्टर लक्षणसमूह म्हणतात. गावात मात्र ‘ऊन लागलं’ एवढेच निदान होते आणि एक सलाईन लावून घरी पाठवले जाते. लहानपणी आई मीठ-साखरेचे पाणी, आंबील, मीठ घातलेला मठ्ठा वेळेवर पाजते. पंधराव्या वर्षी मुलगा मित्रांबरोबर क्रिकेट खेळतो, एप्रिल-मे मध्ये गडचिरोली-गोंदियाकडे घरच्यांसोबत तेंदूपत्ता तोडायला जातो, लग्नाच्या वरातीत नाचतो. मीठ कधी व किती वाढवायचे हे तोवर त्याला स्वतःला कळलेले नसेल, तर आईची शिस्त घरीच राहते. ‘मीठ कमी खा’ हा रक्तदाबाच्या रुग्णांसाठीचा सल्ला प्रौढ ओपीडीत सगळ्यांनाच सवयीने दिला जातो. या रुग्णांना तो घातक ठरू शकतो. स्थित्यंतराच्या चिठ्ठीत हे वाक्य ठळक अक्षरांत असावे.

उन्हाचा औषधांवरही परिणाम होतो. स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल साधारण २५ अंशांखाली ठेवायच्या असतात; टिनाच्या छपराखालील कपाट त्याच्या जवळपासही नसते. माठाशेजारची सावलीची, कोरडी जागा हा घराघरांतला व्यवहार्य तोडगा आहे. डॉर्नेज अल्फा या कफ पातळ करणाऱ्या औषधाला मात्र २ ते ८ अंश तापमान, म्हणजे फ्रिज व अखंड वीज लागते. भारनियमनाच्या गावात ३ ते ७ टक्क्यांचे खारे द्रावण नेब्युलायझरने घेणे हा उपचार अधिक टिकतो. त्यासाठीसुद्धा वीज कोणत्या वेळी असते ते पाहूनच वेळापत्रक लावावे लागते.

छाती विभाग व क्षयरोगाची सावली : प्रौढपणी हा रुग्ण साधारणतः छाती व क्षयरोग विभागाकडे जातो. तेथील डॉक्टरांनी रोज क्षयरोग पाहिलेला असतो आणि या आजारात फुप्फुसांच्या वरच्या भागातील श्वासनलिका फुगून एक्स-रेवर दिसणारे चित्र क्षयरोगाशी मिळतेजुळते असते. खोकला, रोडावलेले शरीर, थुंकीतून रक्त या लक्षणांवर थुंकीत जंतू न सापडताही क्षयरोगाची औषधे सुरू झाल्याची व तीही एकाहून अधिक वेळा दिली गेल्याची उदाहरणे भारतीय रुग्णवृत्तांत वारंवार येतात. बालरोगतज्ज्ञाने वर्षानुवर्षे बाळगलेले ज्ञान येथे एका रात्रीत पुसले जाऊ शकते. थुंकीत स्यूडोमोनास हा जंतू आहे का, कोणत्या प्रतिजैविकाला तो दाद देतो, मागील जंतुसंवर्धन केव्हा झाले, हे नव्या डॉक्टरला ठाऊक नसले तर उपचार चुकीच्या वाटेने जातात. अर्थात, या रुग्णाला खरोखरचा क्षयरोगही होऊ शकतो. म्हणून सीबीनॅट (थुंकीतील क्षयजंतू शोधणारी जनुकीय) तपासणी टाळू नये, मात्र तिचा अहवाल येण्यापूर्वी घाईने निष्कर्ष काढू नये.

पाश्चात्त्य केंद्रांत या आजाराचे दोन रुग्ण एकमेकांजवळ बसणार नाहीत अशी व्यवस्था असते, कारण बर्कहोल्डेरिया, स्यूडोमोनास यांसारखे जंतू त्यांच्यात पसरतात. विदर्भातील ओपीडीत असे दोन रुग्ण एकाच दिवशी येणे विरळा; धोका आहे तो बाकावर शेजारी बसलेल्या क्षयरोग्याचा. मास्क आणि शक्य तेथे वेगळी वेळ एवढी तजवीजही पुष्कळ उपयोगी पडते.

फाईल व जबाबदारी : नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो, सेवाग्राम, सावंगी आणि मिहानमधील एम्स ही तृतीय स्तरावरील रुग्णालये नागपूर-वर्धा पट्ट्यात एकवटलेली आहेत. धारणी, सिरोंचा वा भामरागडच्या कुटुंबाला तेथे पोहोचण्यात दिवस जातो आणि मजुरी बुडते. त्यामुळे दर तीन महिन्यांनी भेट ही परदेशी शिफारस जशीच्या तशी लागू करणे रास्त नाही. मोठ्या केंद्रात वर्षातून दोन सविस्तर भेटी, मधल्या काळात ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात वजन, ऑक्सिजन व थुंकी तपासणी आणि फोनवर सल्ला, ही विभागणी निभावण्याजोगी आहे. दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज सहनशीलता चाचणी करण्याची शिफारस आहे. या आजारातील मधुमेह उपाशीपोटीच्या साखरेत बरेचदा दिसत नाही आणि वयाबरोबर वाढतो. मधुमेह निघाल्यावर ‘तेल-तूप बंद’ हा सल्लाही येथे उलटा पडतो. शेंगदाणे, जवस, तेल असा स्निग्ध आहार कॅप्सूलसह चालूच ठेवावा लागतो.

रुग्णाने स्वतः सांगता यावे अशा गोष्टी मोजक्याच आहेत : आजाराचे नाव, घामचाचणीचा आकडा, चालू औषधे, थुंकीतील शेवटचा जंतू, एरवीचे वजन व फुप्फुसक्षमता, आणि रक्त पडल्यास कोठे जायचे. एका पानाचा मराठी सारांश व त्याचा मोबाइलमधील फोटो ही जाड फाईलीहून खात्रीची साधने होत. बालरोगतज्ज्ञ व छातीरोगतज्ज्ञ यांनी निदान एकदा तरी रुग्णाला एकत्र पाहावे, असे अनेक मार्गदर्शिका सुचवतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या एकाच आवारात हे सहज शक्य असूनही क्वचितच घडते, ही खेदाची बाब आहे.

शासकीय योजना : २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिस तिसऱ्या गटात, फार महागड्या उपचारांच्या आजारांत आहे. २०२२ पासून निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद असून महाराष्ट्रातील केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तिहेरी मॉड्युलेटर (सीएफटीआरचे बिघडलेले काम सुधारणाऱ्या) औषधाने तेथील रुग्णांचे आयुष्य पालटले. विदर्भातील शेतमजूर कुटुंबाच्या ते आवाक्यात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया आहेत, सिस्टिक फायब्रोसिस नाही. त्यामुळे प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या सवलती या रुग्णांना लागू होत नाहीत. जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे, तर या आजाराचा खरा खर्च रोजच्या कॅप्सूल, नेब्युलायझर व प्रतिजैविकांचा असतो. अठरा वर्षांनंतर बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधारही सुटतो.

विवाह व अपत्य : हा विषय बालरोग विभागात बहुधा निघत नाही व प्रौढ विभागात उशिरा निघतो. सुमारे ९८ टक्के पुरुष रुग्णांत शुक्रवाहिन्या जन्मतः नसतात. शुक्राणू वृषणात तयार होत असल्याने शस्त्रक्रियेने ते मिळवून प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवता येते, पण तो खर्च मोठा असतो. लैंगिक क्षमतेवर याचा परिणाम होत नाही, हे तरुणाला लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी एकांतात सांगावयास हवे. स्त्री रुग्णांत गर्भधारणा शक्य असते. वजन, फुप्फुसक्षमता व साखर आधी तपासून ती ठरवावी, म्हणजे छाती आणि स्त्रीरोग या दोन्ही विभागांनी एकच फाईल वापरावी लागते. जोडीदार वाहक आहे का, याची जनुकचाचणी करताना भारतीय उत्परिवर्तनांचा समावेश असलेली विस्तृत चाचणी मागावी.