'सिटिझन केन': खरा डीप फोकस कुठला आणि जोडलेला शॉट कुठला?

ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'मधला (१९४१) केनची दुसरी बायको सुझन जीव द्यायचा प्रयत्न करते तो शॉट डीप फोकसचा, म्हणजे जवळचं आणि लांबचं एकदमच स्पष्ट दिसण्याचा, नमुना म्हणून हमखास दाखवला जातो. पण तो डीप फोकस नाही. छायाचित्रकार ग्रेग टोलंडने तो एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून जुळवला आहे.

खरा डीप फोकस बघायचा तर १९२९ चा प्रसंग घ्या. आर्थिक कोंडीमुळे चित्रपटाचा नायक, वृत्तपत्रसम्राट केन वर्तमानपत्रांवरचा ताबा सोडतोय. त्याचा व्यवस्थापक बर्नस्टीन करार वाचतोय, लहानपणी त्याचा पालक झालेला बँकर थॅचर बसलाय. केन मागच्या खिडक्यांकडे चालत जातो. तोवर त्या साध्याच वाटतात, कारण शेजारी मापाला माणूस नसतो. तो तिथे पोचला की कळतं, खिडकीचा तळच त्याच्या डोक्यापाशी आहे. एवढा गर्विष्ठ माणूस, पण कुणी न ढकलता, आपल्याच पायांनी चालत पोराएवढा होतो! मधे कट नाही, म्हणूनच ते इतकं लागतं.

यामागचं गणित सरळ आहे. २४ मि.मी.सारखी वाइड लेन्स अंतर ताणून दाखवते, त्यामुळे मागे जाणारा माणूस झपाट्याने लहान होतो. पुढचं-मागचं सगळं स्पष्ट हवं तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ-८ किंवा त्याहून बारीक करावं लागतं; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एफ-२.८ वरून एफ-८ वर आलं की आठपट प्रकाश लागतो. त्यासाठी टोलंडने आर्क दिवे आणि जास्त संवेदनशील फिल्म वापरली.

सुझनच्या शॉटमध्ये पेला लेन्सला जवळजवळ टेकलेला आहे आणि दार पार मागे. एवढी खोली लेन्सला झेपत नाही. म्हणून मागचं सगळं अंधारात ठेवून आधी पेला टिपला, मग फिल्म मागे गुंडाळली, फोकस बदलला आणि दाराकडचा भाग उजळून पुन्हा चित्रण केलं. दोन खेपांमध्ये कॅमेरा जरा हलला तर कडा जुळत नाहीत. अंधाऱ्या भागावर उजेड सांडला तर एक चित्र दुसऱ्यातून डोकावतं.

ओळखायचं कसं? शॉट थांबवून मधला थर बघा. पेला स्पष्ट, दार स्पष्ट, पण मधे सुझनचा चेहरा सावलीत आणि धूसर. एका लेन्सच्या एका खेपेत हे होऊच शकत नाही. आवाजही ऐका: सुझनचा जड श्वास कानाशी, केनच्या धडका लांबून. तिला हट्टाने ऑपेरात उभं करणारा माणूस इथे दारापलीकडचा नुसता आवाज आहे. त्याचं एकटेपण मला करारापेक्षा इथे जास्त बोचतं.

शंका उरली तर १८७१ चा बर्फातला प्रसंग लावा. कॅमेरा खिडकीपासून घरात मागे सरकतो, आईवडील आणि थॅचर चौकटीत येतात, तरी बाहेर खेळणारा छोटा चार्ल्स, म्हणजे लहानपणीचा केन, स्पष्टच राहतो. पेल्याची युक्ती अशा हलत्या कॅमेऱ्यावर बसलीच नसती.