जुने ग्राफिक्स कार्ड बदलण्यामागचा इतिहास : डब्यावरचे नाव आणि आतले कार्ड

मराठवाड्यात डेस्कटॉपमधले ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा प्रश्न गेमच्या हौसेतून कमी आणि धंद्याच्या गरजेतून अधिक उभा राहत आला आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात प्रश्नसंच तयार करणारी डीटीपी केंद्रे, तालुक्याच्या गावी वाढदिवसाचे आणि निवडीबद्दल अभिनंदनाचे फलक बनवणारी फ्लेक्सची दुकाने आणि लग्नसराईत दोन-दोन, तीन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एकत्र करून देणाऱ्या मिक्सिंग लॅब हे या कार्डांचे मोठे गिऱ्हाईक. या व्यवसायांतला संगणक बहुधा असेंबल केलेला असतो, तो आठ-दहा वर्षे वापरला जातो आणि जो भाग बिघडला किंवा अपुरा पडला तेवढाच बदलला जातो. म्हणजे इथे नव्या कार्डाची सोयरीक जुन्या यंत्राशी जुळवायची असते, आणि ती जुळेल की नाही हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी कार्डाच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात.

आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८७ मध्ये व्हीजीए ही मॉनिटरला चित्र पाठवण्याची पद्धत आली, १९९७ मध्ये कार्डासाठी एजीपी हा स्वतंत्र स्लॉट, म्हणजे कार्ड खोचण्याची खाच, मिळाला आणि २००४ मध्ये मदरबोर्डांवर त्याच्या जागी पीसीआय एक्सप्रेस हा नवा स्लॉट दिसू लागला. एजीपीच्या शेवटच्या पिढीत सेकंदाला सुमारे २.१ जीबी माहिती जात असे. पीसीआय एक्सप्रेसच्या सोळा लेनच्या, म्हणजे माहितीच्या सोळा समांतर वाटांच्या, स्लॉटने पहिल्याच पिढीत एका दिशेला ४ जीबीची सोय केली. मात्र एजीपीचे कार्ड नव्या स्लॉटात बसत नसल्याने ज्यांचे कार्ड त्या काळात जळाले, त्यांच्यापुढे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमसह सगळेच बदलण्याचा खर्च उभा राहिला. जोडचिप लावून नव्या चिपची एजीपी कार्डे आणखी काही वर्षे निघत राहिली, पण ती महाग होती आणि लहान गावांत सहसा पोहोचत नव्हती.

त्यानंतर एक गोष्ट घडली जिची पुरेशी नोंद घेतली जात नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या प्रत्येक नव्या पिढीने जुन्या पिढीशी जुळवून घेतले. २००७ मध्ये दुसरी, २०१० मध्ये तिसरी, २०१७ मध्ये चौथी आणि २०१९ मध्ये पाचवी पिढी जाहीर झाली, तरी स्लॉटचा आकार तोच राहिला. ही सोय खरोखर मोठी आहे. पण तिच्यामुळे ‘बसते म्हणजे चालते’ असा समज दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्याही मनात रुजला, आणि कार्ड बदलताना पुढे जे घोळ झाले त्यांतले बरेचसे या समजातून आले.

पहिला घोळ विजेचा. स्लॉटातून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागले तर एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून, वेगळी तार लावावी लागते, सहा पिनांची ७५ वॅटसाठी आणि आठ पिनांची १५० वॅटसाठी. असेंबल केलेल्या स्वस्त संगणकांत कॅबिनेटसोबतच येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असे. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून त्याच एसएमपीएसवरचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचला आणि १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर लिहिलेले दिसले, तर कार्ड आणि प्रोसेसर यांना मिळून १६८ वॅट एवढेच उपलब्ध आहेत असा त्याचा अर्थ होतो. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज तासन्तास जात असे आणि परत येताना दाब कमी-जास्त होत असे. इन्व्हर्टर आणि यूपीएसवर आधीच ताणलेल्या अशा यंत्रात मोठे कार्ड बसवले की संगणक ऐन रेंडरिंगच्या, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढण्याच्या, वेळी बंद पडे. दोष कार्डाला दिला जाई.

हवामानाचीही भर पडली. सेलू-मानवतसारख्या कापसाच्या गावांत चार-पाच वर्षे वापरलेले कार्ड उघडले, तर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसलेला दिसतो, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी भुरभुरते आणि पंखा बोटाने ढकलावा तेव्हा फिरतो. मे महिन्यात बाहेरचे तापमान चाळिशीपलीकडे गेले की अशा कार्डावर आधी पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि मग डिस्प्लेच येत नाही. यातली कित्येक कार्डे साफसफाईने आणि नव्या पेस्टने आणखी दोन वर्षे चालली असती. ती बदलली गेली, याचे कारण ती उघडून पाहण्याची पद्धतच नव्हती. हीटगनने चिप तापवून कार्ड ‘जिवंत’ करण्याचा जो प्रकार त्या काळात फैलावला, त्याने मात्र फारसे काही साधले नाही. युरोपात २००६ मध्ये सोल्डरमधल्या शिशावर बंधन आल्यानंतरच्या काही वर्षांत चिपखालचे सांधे तडकण्याच्या तक्रारी जगभर आल्या होत्या, आणि तापवलेली चिप बहुधा थोड्याच दिवसांत पुन्हा जाई.

कार्ड बदलण्याची खरी लाट २०१० नंतर आली. व्हिडिओ एडिटिंगच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरने त्या वर्षीच्या आवृत्तीत इफेक्ट आणि रंगदुरुस्तीचे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला कोणती कार्डे चालतील याची एक छोटी यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवलेली होती आणि तिच्यात सामान्य ग्राहकासाठीचे असे एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स २८५ एवढेच कार्ड होते, जे एकटेच दोनशे वॅटच्या आसपास वीज घेत असे. मिक्सिंग करणाऱ्यांनी त्या फाइलमध्ये आपल्या कार्डाचे नाव हाताने लिहून घेतले आणि पुरेशी मेमरी असलेली बरीच कार्डे चालू लागली. कार्डातल्या मेमरीचा आकडा हीच गुणवत्तेची खूण ठरली ती येथून. ‘दोन जीबीचे कार्ड द्या’ ही मागणी तेव्हापासून काउंटरवर रूढ झाली आणि तिचा फायदा कार्ड बनवणाऱ्यांनी पुरेपूर घेतला.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एनव्हिडियाचे जीटी ७३०. हे नाव २०१४ मध्ये बाजारात आले, पण त्या एका नावाखाली सुरुवातीपासून तीन वेगवेगळी कार्डे होती. एकात जुन्या फर्मी घडणीची चिप, आकडेमोड करणारे ९६ कोअर आणि १२८ बिटांच्या मार्गावरची डीडीआर३ ही साधी, संथ मेमरी होती. दुसऱ्यात नव्या केपलर घडणीची चिप, ३८४ कोअर, पण ६४ बिटांच्या मार्गावरची डीडीआर३ मेमरी होती. तिसऱ्यात तीच केपलर चिप आणि जीडीडीआर५ ही खास ग्राफिक्ससाठीची जलद मेमरी होती. मेमरीपर्यंत माहिती नेण्या-आणण्याचा वेग पहिल्यात सेकंदाला सुमारे २८.८ जीबी, दुसऱ्यात १४.४ जीबी आणि तिसऱ्यात ४० जीबी एवढा होता. म्हणजे कोअर चौपट असलेल्या दुसऱ्या कार्डाला जुन्या चिपच्या कार्डापेक्षा निम्मा मार्ग मिळाला होता. डब्यावर मोठ्या अक्षरांत असे ते नाव आणि ‘२ जीबी’ किंवा ‘४ जीबी’. मेमरीचा प्रकार कोपऱ्यात बारीक अक्षरांत असे. ४ जीबी डीडीआर३चे कार्ड १ जीबी जीडीडीआर५च्या कार्डापेक्षा बहुतेक कामांत मागे पडे, तरी काउंटरवर पहिलेच वरचढ मानले जाई.

नावांचा असा खेळ याआधीही झाला होता. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८८०० जीटीची चिप २००८ मध्ये ९८०० जीटी या नावाने पुन्हा विकली गेली आणि स्पर्धक एएमडी कंपनीची रेडिऑन कार्डेही पिढी बदलल्यासारखी दाखवून नवे नाव लावून आली. पण जुन्या वस्तूला नवे नाव देणे आणि वेगवेगळ्या वस्तूंना एकच नाव देणे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक थोडे अधिक पैसे देते. दुसऱ्या प्रकारात आपण काय विकत घेतले हेच त्याला कळत नाही. २०१७ मध्ये आरएक्स ५६० या नावाखाली १,०२४ ऐवजी ८९६ शेडर (रेडिऑनमधले कोअर) असलेली कार्डे गाजावाजा न करता विकायला आली, तेव्हा रेडिऑनवाल्यांनीही हाच दुसरा मार्ग धरला होता.

या साऱ्यावर कळस २०१८ मध्ये चढला. आदल्या वर्षी आलेले जीटी १०३० हे जीडीडीआर५ मेमरीचे, ३० वॅटचे, वेगळी तार न लागणारे कार्ड जुन्या संगणकांसाठी फार योग्य होते. जुन्या एसएमपीएसवर ते निर्धास्त चालत असे. त्याच नावाने, त्याच डब्यासारख्या डब्यात डीडीआर४ मेमरीचे कार्ड काढण्यात आले. मेमरीचा वेग ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला, आणि नाव मात्र जीटी १०३० हेच राहिले. मेमरीची टंचाई होती, स्वस्त कार्ड बाजारात टिकवायचे होते, डब्यावर प्रकार लिहिलेला होता, अशी बाजू या निर्णयाच्या समर्थनार्थ मांडली जाते. ती पटण्यासारखी नाही. नावात एखादे अक्षर वाढवणे पुरेसे होते आणि त्याला काहीही खर्च नव्हता. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या महागड्या नावाने १६ आणि १२ जीबीची दोन भिन्न चिपची कार्डे जाहीर झाली, तेव्हा ओरड होताच १२ जीबीचे कार्ड महिन्याभरात मागे घेतले गेले आणि पुढच्या जानेवारीत वेगळ्या नावाने आले. जे लाखभराच्या कार्डाबाबत करता आले, ते पाच-सात हजारांच्या कार्डाबाबत केले गेले नाही.

याची झळ मोठ्या बाजारपेठांपासून दूरच्या गिऱ्हाइकाला अधिक बसली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात उभे राहून चार दुकानांत डबा उलटा करून पाहता येतो. मराठवाड्यात माल एकीकडे मुंबई-पुण्याहून आणि दुसरीकडे हैदराबाद-सिकंदराबादहून येतो. देवगिरी एक्स्प्रेसने जोडलेल्या या पट्ट्यात नांदेडच्या दुकानदाराला सिकंदराबादचा बाजार मुंबईपेक्षा कितीतरी जवळचा. फोनवर मागणी जाते ती नाव आणि जीबी एवढ्यावर, आणि त्या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळणारे पण तिप्पट संथ असे कार्ड पार्सलमधून आले तर चूक कोणाची म्हणायची? दुकानदाराने फसवले असा समज होऊन ओळखीचे संबंध तुटले, जेव्हा दुकानदारालाही फरक माहीत नव्हता.

एवढी जुनी आणि मंद कार्डे २०२० नंतरही विकली जात राहिली, याचे कारण प्रोसेसरच्या बाजारात आहे. २०१९ पासून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले, आतले ग्राफिक्स बंद केलेले प्रोसेसर थोड्या कमी किमतीला मिळू लागले, आणि त्यांच्यासोबत निव्वळ डिस्प्ले येण्यापुरते जीटी ७१० किंवा ७३० लावून दिले जाऊ लागले. वास्तविक आतले ग्राफिक्स शाबूत असलेला प्रोसेसर घेतला असता तर त्या कार्डाची गरजच नव्हती.

याच काळातली काही वर्षे आभासी चलनाच्या खाणकामाने, म्हणजे कार्डांना अखंड आकडेमोड करायला लावून चलन मिळवण्याच्या धंद्याने, व्यापली. २०१७-१८ मध्ये एकदा आणि २०२० ते २०२२ या काळात पुन्हा, चांगली कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारी पद्धत सोडली आणि खाणकामातून निघालेली कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. ती सरसकट टाकाऊ असतात हा समज अतिरेकी आहे. पंखे आणि थर्मल पॅड बदलून त्यांतली बरीच नीट चालतात. वॉरंटी मात्र नसते.

जुन्या यंत्रासाठी याहून कठीण अडचण नव्या स्वस्त कार्डांच्या घडणीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑनच्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन होत्या. चौथ्या पिढीच्या स्लॉटात ते भागते. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटात मार्ग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की कामगिरी ढासळते. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडिंगची, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर फाइलमध्ये बसवण्याची, सोय नव्हती, जी मिक्सिंगवाल्याला सर्वांत आधी हवी असते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी, मदरबोर्डची सोय असल्याशिवाय पूर्ण वेग मिळत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डांत ती सहसा नसते. मॉनिटरच्या जोडणीचेही तसेच. व्हीजीए बंद करण्याचे चिप आणि मॉनिटर बनवणाऱ्यांनी डिसेंबर २०१० मध्येच जाहीर केले होते. २०१६ च्या जीटीएक्स १०००च्या मालिकेपासून डीव्हीआय या मॉनिटरच्या दुसऱ्या जोडणीमधूनही व्हीजीएला लागणारा ॲनालॉग संकेत येणे थांबले. व्हीजीएची निळ्या टोकाची तार असलेला मॉनिटर वापरायचा तर आतल्या चिपसह येणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. साधी पिन जोडून भागत नाही.

अलीकडे कार्ड न बिघडताही बदलावे लागते ते ड्रायव्हरमुळे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, आणि एका नावाखालच्या अनेक कार्डांचा घोळ इथे पुन्हा पुढे येतो. फर्मी चिपचे जीटी ७३० असेल तर त्याचे नियमित ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबले. केपलर चिपचे असेल तर २०२१ मध्ये, आणि त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत मिळत राहिल्या. डबा तोच, आयुष्यात तीन वर्षांचा फरक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला आणि त्याच महिन्यात जीटीएक्स ९०० व १००० या मालिकांचे नियमित ड्रायव्हरही थांबले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. जीटी १०३० ही दोन्ही कार्डे, जलद आणि संथ, १००० च्याच पिढीची असल्याने या एकाच मुदतीत मोडतात.