कादंबरी हे आधी एका मुलीचं नाव होतं

इंग्रजांच्या ‘नॉव्हेल’ला आपण कादंबरी म्हणतो, पण तसं म्हणताना आपण एका मुलीचं नाव घेतोय हे कुणाच्या लक्षात राहत नाही. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेची ही नायिका. गंधर्वांची राजकन्या, चंद्रापीडावर जीव जडलेली, आणि प्रेम असं की एका जन्मात मावत नाही. पुस्तक हातावेगळं होण्याआधीच बाण गेला. उरलेली कथा त्याच्या मुलाने पुरी केली. एकोणिसाव्या शतकात हा नवा प्रकार इथे आला तेव्हा बंगाल्यांनी त्याला उपन्यास म्हटलं, गुजरात्यांनी नवलकथा. मराठीने आणि कन्नडने मात्र या मुलीचंच नाव उचललं. ज्या भाषेत सगळ्या कादंबऱ्यांना एका प्रेमिकेचं नाव आहे, त्याच भाषेत ‘प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते’ हा शेरा झाला, ही गंमत आहे. तो शेरा कसा झाला ते पाहायचं तर जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीची अडचण लेखकांच्या प्रतिभेत नव्हती, पंचांगात होती. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं, पण त्याचा विषय विधवांचे हाल. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य गोष्टींची रांग लागली. राजकन्या, कारस्थानं, ताटातूट, योगायोगाने भेट. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली, आणि तिच्या प्रस्तावनेत त्यांनी जे कबूल केलं ते मला पुढच्या पुष्कळ समीक्षेपेक्षा मोलाचं वाटतं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा : आम्हा हिंदूंची लग्नाची रीत आणि एकूण राहणीच अशी आहे की रोजच्या आयुष्यातलं लिहायला गेलं तर त्यात मन रमवण्यासारखं काही निघत नाही, म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

रिसबुडांचा हिशेब बरोबर होता. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की उजवली जायची. तिला कुणी विचारायचं नाही आणि बहुतेक वेळा मुलालाही नाही. प्रेमकथेला चंद्र, बाग, पत्रं हे सगळं नंतर लागतं. आधी लागतात ‘नाही’ म्हणू शकणारी दोन माणसं. नकाराची शक्यताच नसेल तर होकाराला किंमत कसली? म्हणून मराठी लेखक नायिका गंधर्वलोकातून किंवा राजवाड्यातून आणत. सदाशिव पेठेत ती मिळणं शक्यच नव्हतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय, मग लग्न झालेलं असो वा नसो, दहावरून बारावर गेलं, तर तेवढ्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं होतं.

हरि नारायण आपट्यांनी मात्र एक वाट काढली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येऊ लागली. ती लक्षात राहते यमूच्या वैधव्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण मधला मुंबईचा भाग पुन्हा वाचून पाहा. लग्न आधीच झालेलं आहे, नवरा शिकलेला आहे, दोघं बिऱ्हाड थाटून मोकळा श्वास घेत आहेत, आणि यमूला वाचनाची गोडी लागते आहे. मराठी कादंबरीतलं पहिलं पटण्याजोगं प्रेम ते हेच, असं माझं मत आहे. लग्नानंतर सुरू होणारं आणि पुस्तकाच्या आधाराने वाढणारं. हे ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा इथेच यायचं आहे.

पुढची तीस-चाळीस वर्षं मुलींच्या शाळा-कॉलेजांची. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ सालचं. बालविवाह रोखणारा सारडा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यात लग्नासाठी मुलीचं किमान वय चौदा ठरलं आणि मुलाचं अठरा. कायद्याने फार साधलं असं नाही, पण शिकणाऱ्या घरांतल्या मुली त्याच्याही पुढे गेल्या होत्या. मॅट्रिक होणारी, वसतिगृहात राहणारी, वर्गात मुलांच्या शेजारच्या बाकांवर बसणारी अविवाहित मुलगी समाजात दिसू लागली. रिसबुडांना जी मिळाली नव्हती ती हीच.

तिला ओळखलं ना. सी. फडक्यांनी. १८९४ साली जन्मलेले फडके पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’, १९१७ सालची, आणि ती मारी कोरेलीच्या एका इंग्रजी कादंबरीवर बेतलेली. मारी कोरेली म्हणजे तिकडच्या समीक्षकांनी नाक मुरडावं आणि वाचकांनी उड्या घालाव्यात अशी लेखिका. फडक्यांच्या वाट्याला इथे जे आलं तेही याहून वेगळं नव्हतं. ‘जादूगार’ १९२८, ‘दौलत’ १९२९, ‘अटकेपार’ १९३१, ‘निरंजन’ १९३२. नेटकी भाषा, पहिल्या पानावर पकड, दोन प्रेमिकांत तिसऱ्याने घातलेला पेच, आणि सोडवण्यापुरतीच घट्ट बसवलेली निरगाठ. गोष्ट कशी रचावी याचं शास्त्रही त्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये मांडलं. फडक्यांचे नायक टेनिस खेळतात आणि त्यांना पैशाची विवंचना नसते म्हणून त्यांना नावं ठेवली गेली. टीका खोटी नाही. पण पहिल्यांदाच मराठी मुलीला आपल्याच वयाची, आपल्यासारखी साडी नेसणारी, दोघांपैकी कोण याचा विचार करणारी नायिका मिळाली. तो विचार दोनशे पानं चालतो, आणि त्या दोनशे पानांत तिचं लग्न दुसरं कुणी परस्पर ठरवून टाकत नाही. फडक्यांची खरी जादू ही होती. बंगले आणि बागा हे नेपथ्य.

याच सुमारास ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर वाद रंगला. तो इतका चघळून झालाय की इथे पुन्हा नको. एवढंच म्हणतो की फडक्यांचा नायक क्लबात जातो, खांडेकरांचा खेड्यात सेवेला जातो, आणि नायिकेला दोन्हीकडे वाट बघावी लागते.

ही वाट बघणं प्रत्यक्षात कसं असतं ते १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने सांगितलं गेलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह, कादंबरी नव्हे. शिकून, नोकरी करून, घर चालवून थकलेल्या प्रौढ कुमारिकांच्या मनातलं त्यात होतं, शरीराच्या ओढीसकट. एवढा गदारोळ उठला की ही बाई कोण याचा शोधच सुरू झाला. ती होती बाळूताई खरे, स्वतः मुलींना शिकवणारी. पुढे मालती बेडेकर झाली. नवरा विश्राम बेडेकर. आणि त्यांनी १९३९ साली ‘रणांगण’ लिहिली : युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून हाकललेली ज्यू तरुणी हॅर्टा, मायदेशी परतणारा चक्रधर, आणि मागे महायुद्धाची चाहूल. माझ्या लेखी मराठीतली सर्वांत भेदक प्रेमकादंबरी ही. पण तिला कुणी ‘प्रेमाची कादंबरी’ म्हणत नाही. एखादी प्रेमकथा चांगली निघाली की तिला त्या खणातून उचलून ‘साहित्य’ लिहिलेल्या खणात ठेवायचं, आणि मग मागे उरलं त्याकडे बोट दाखवून म्हणायचं, पाहा, सगळी कशी सुमार! अशाने कुठलाही प्रकार सुमारच ठरेल.

साठच्या दशकापासून हा सगळा व्यवहार वाचनालयांवर उभा राहिला. कादंबरी विकत घेणारी घरं थोडी. ‘एक पुस्तक, एक मासिक’ अशी वर्गणी भरणारी अमाप. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अनुदानं मिळू लागली, आणि गावोगावची वाचनालयं हेच प्रकाशकांचं हमखास गिऱ्हाईक बनलं. शिवाय गिरगाव-दादरपासून डोंबिवलीपर्यंत गल्लोगल्ली खाजगी लायब्ऱ्या होत्याच, अनामत ठेवून रोजच्या भाड्याने पुस्तक देणाऱ्या. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत तारखांची चिठ्ठी, आणि समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने केलेला घात : ‘शेवटी तो तिचा भाऊ निघतो’. कादंबरी किती चालली ते आवृत्त्यांवरून कळायचं नाही, चिठ्ठीवरच्या तारखा किती दाट त्यावरून कळायचं. असंच विलायतेतही घडलं होतं. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेलं मिल्स अँड बून आधी सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायचं. तिसच्या दशकात भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांनी त्यांच्या प्रेमकथा उचलल्या, आणि ती कंपनी त्याच एका धंद्याची झाली.

या काळाचा राजा चंद्रकांत काकोडकर. त्यांच्या पुस्तकांचा उल्लेख घरात दबक्या आवाजात व्हायचा, पण कपाटात वर्तमानपत्राचं कव्हर घालून ती असायची. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ आली. नभोवाणीवर काम करणारा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तिघी, असा ऐवज. पुण्यातल्या एका गृहस्थांनी अश्लीलतेची फिर्याद गुदरली. खालच्या न्यायालयात लेखक सुटले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली जिंकले. वर्णनाला उंची नाही, पण म्हणून ते अश्लील ठरत नाही, असा निकालाचा रोख होता. त्यातलं एक निरीक्षण तर कोरून ठेवण्यासारखं आहे : कामभावनेचा नुसता उल्लेखच अश्लील मानला तर तरुणांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकं वाचत बसावं लागेल. त्याच वर्षाच्या शेवटी राज खोसलांचा ‘दो रास्ते’ लागला आणि तुफान चालला. त्याचं मूळ काकोडकरांचीच ‘नीलांबरी’. ज्या लेखकाला लपवून वाचायचं, त्याचीच गोष्ट सहकुटुंब तिकिटं काढून बघायची, असा तो काळ होता. खोसलांनी पुढे १९७८ साली ‘मैं तुलसी तेरे आँगन की’साठीही काकोडकरांचीच कादंबरी घेतली.

पण तारखांच्या चिठ्ठ्या खऱ्या भरल्या त्या बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांच्या. यांच्याबद्दल वाङ्मयेतिहासात एखादी ओळ मिळाली तर मिळते. योगिनी जोगळेकर शास्त्रीय गायिका. रियाज सांभाळून शंभरावर पुस्तकं लिहिली. सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर. ज्योत्स्ना देवधर पुणे आकाशवाणीवर. शैलजा राजे तर वाचनालयात सदैव ‘बाहेर’ गेलेल्या. या कुणी रिकामटेकड्या स्वप्नाळू बायका नव्हत्या. दिवसभर बायकांचं ऐकून घेण्याचे, त्यांच्याशी बोलण्याचे व्यवसाय यांतल्या काही जणींचे होते, आणि ते पानोपानी जाणवतं.

म्हणून या कादंबऱ्यांत नायक हे मुख्य पात्र नसतंच, नीट बघाल तर. तो देखणा, मितभाषी, बहुधा डॉक्टर किंवा इंजिनियर, आणि दीडशे पानं गैरसमजात. खरा पेच असतो घराचा. नोकरी सोडायची का, धाकट्या भावंडांचं काय, सासू कशी निघेल, पहिल्या बायकोचं मूल आपल्याला आई म्हणेल का. आवडण्याचं कारणही तिथेच आहे. आठ-अठराची लोकल पकडून ऑफिसात जाणारीला राजकुमार खोटा आहे हे पक्कं माहीत असतं. पण कुणीतरी अडीचशे पानं फक्त ‘तिला काय हवंय’ एवढ्याच प्रश्नावर खर्च करतंय, हे तिला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळणार होतं? आमच्या घरात मावशी भाजी निवडताना पुस्तक परातीला टेकवून वाचायची, आणि कुणी आलं तर आधी पुस्तक पालथं घालायची, मग दार उघडायची.

क्षेत्रमाडे यांच्या एका गाजलेल्या कादंबरीचं नाव ‘महाश्वेता’. पुढे तिच्यावर दूरदर्शन मालिका झाली. बाणाच्या कथेत महाश्वेता ही कादंबरीची जिवलग सखी. प्रियकर गेल्यावर तपस्विनी होऊन सरोवराकाठी त्याची वाट बघणारी.

पुरुषांनीही हा प्रांत सोडला नव्हता. कोल्हापूरचे सरकारी वकील बाबा कदम यांनी प्रेमाला गुन्ह्याची, शिकारीची आणि संस्थानी वाड्यांची फोडणी दिली. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. कट्टा, सिगारेट, मित्र आणि हातून निसटलेली मुलगी. तिच्यावरचा चित्रपट २०१३ साली आला तेव्हा शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि थिएटरात नवी पिढी संवाद पाठ म्हणत होती. मधल्या काळात इंग्रजी शाळेतल्या मुली मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी मिल्स अँड बून आणू लागल्या होत्या. आयांना ती पुस्तकं वाचता येत नसल्याने कव्हर घालायचीही गरज उरली नाही.

खाजगी लायब्ऱ्या एकेक करून मिटल्या. त्या वाचक गेल्या कुठे? मोबाइलवर. बेंगळुरूहून २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी प्रेमकथांच्या मालिका चालतात, शंभर-दीडशे भागांच्या. लिहिणाऱ्यांत गृहिणी आहेत, शिक्षिका आहेत, नर्स आहेत. भाग उशिरा टाकला तर वाचक खाली येऊन भांडतात. शुद्धलेखनाबद्दल न बोललेलं बरं. पण तिथे हमखास चालणारा एक साचा आहे : घरच्यांनी ठरवलेलं किंवा काही कारणाने अंगावर पडलेलं लग्न पहिल्याच भागात उरकतं, दोघं एकाच खोलीत अनोळखी असतात, आणि प्रेम त्यानंतर, भागाभागाने सुरू होतं. यमू आणि तिचा नवरा, फक्त मधली सगळी वर्षं गेली आहेत आणि हातात पुस्तकाऐवजी फोन आहे. फरक एवढाच की या नव्या नायिकेने पंधराव्या-विसाव्या भागात कधीतरी बॅग भरलेली असते. ती जात नाही. पण बॅग भरल्याचा तो भाग सगळ्यांत जास्त वाचला जात असणार, अशी माझी खात्री आहे.