रुई एकीकडे, सरकी एकीकडे

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी चार-पाच पोरं माझ्याकडे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकायला येतात. त्यातल्या एकानं कापसाचे भाव फाइलीत उतरवून त्यांची सरासरी काढणारी दोन कमांडची जोडी लिहिली. एके दिवशी सरासरी आली शून्य. फाइल उघडली. "सर, भाव कुठं गेले? हे इंग्रजीतलं काय येऊन रायलं?" कमांडला जोडायचा एक पर्याय टाइप करताना चुकला होता, आणि भाव आणणाऱ्या टूलनं चूक सांगायची सोडून आपली सगळी हेल्प, म्हणजे वापराची माहिती, ओतली होती. तीही थेट भावांच्या फाइलीत.

पोराची चूक एका अक्षराची. टूल लिहिणाऱ्याची मोठी.

जिनिंगमध्ये रेच्यातून, म्हणजे कापसातलं बी काढणाऱ्या यंत्रातून, कापूस गेला की रुई एकीकडे पडते, सरकी एकीकडे. सरकी टाकाऊ नाही. तिचं तेल निघतं, ढेप होते. पण ती रुईच्या गाठीत गेली की गाठ बिघडली. लिनक्स ज्या युनिक्सच्या घराण्यातलं, त्या घराण्यातल्या प्रोग्रामांनाही बाहेर पडायच्या अशाच दोन वाटा असतात. 1 क्रमांकाची मुख्य आउटपुटची, 2 क्रमांकाची एररची. एरवी दोन्हींतलं स्क्रीनवरच दिसतं, म्हणून फरक कळत नाही. आउटपुट फाइलीत वळवलं किंवा पाइपनं पुढच्या प्रोग्रामला दिलं, की फक्त 1 ची वाट वळते. 2 ची माणसाच्या डोळ्यांसमोरच राहते. बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये युनिक्सला पाइप दिले, त्यानंतर ही दुसरी वाट फार मोलाची ठरली.

मग हेल्प ही रुई की सरकी? मागितली तर रुई. कोणी कमांडपुढे '--हेल्प' (--help) लिहिलं, तर हेल्प हेच त्याचं उत्तर आहे. ती 1 च्या वाटेनं यावी आणि प्रोग्रामनं संपताना 0, म्हणजे 'काम झालं', हा आकडा द्यावा. लिनक्सवरची बरीच टूल लिहिणाऱ्या ग्नू प्रकल्पाचे नियमही हेच सांगतात. अशी हेल्प 'लेस'मध्ये पानापानानं वाचता येते, 'ग्रेप'नं त्यातला नेमका शब्द शोधता येतो. काही टूल मागितलेली हेल्पसुद्धा 2 वर पाठवतात. मग पाइप कोरडा, आणि लांबलचक मजकूर सर्रकन वर निघून जातो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही जातो. तेव्हा बॅटरीवरच्या लॅपटॉपमधली हेल्प हाच मास्तर असतो. म्हणून मला याचा राग येतो.

चूक झाली म्हणून काही सांगायचं असेल, तर ती सरकी. वाट 2, शेवटचा आकडा शून्य नसलेला, आणि बोलणं थोडक्यात. ग्नूच्या ग्रेपला मुद्दाम भलताच पर्याय देऊन बघा. कोणता पर्याय ओळखला नाही, वापर कसा करायचा आणि अधिक माहितीसाठी '--हेल्प' लिहा, एवढंच तो सांगतो. शेवटचा आकडा 2. शोधलेला शब्द सापडला नाही तर मात्र 1. हा फरक पुढच्या स्क्रिप्टला फार उपयोगी पडतो.

पोरानं मग भाव आणणारा प्रोग्राम स्वतःच लिहिला, आणि दोन कमांडच्या मध्ये '&&' टाकलं, म्हणजे पहिली फसली तर दुसरी चालत नाही. परवा त्यानं मुद्दाम पर्याय चुकवला. फाइल रिकामी राहिली, सरासरी निघालीच नाही, आणि स्क्रीनवर मराठीत एक ओळ आली: '--तालूका' ओळखीचा नाही, '--तालुका' म्हणायचं होतं का?