मिस्तरीचा हात आणि जॉब कार्डाचा कागद

आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शोरूमसमोर हार घातलेल्या नव्या गाड्यांची रांग लागते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि माहेरी आलेल्या लेकींना घेऊन गाडीची पहिली फेरी मनुदेवीला नाहीतर धुळ्याच्या एकविरेला. गाडी दारात उभी राहते न राहते तोच सल्ले सुरू होतात. "फुकटच्या सर्व्हिसिंगपुरतं शोरूम, पुढे आपला मिस्तरी बरा." "उन्हाळ्यात तापली तर थर्मोस्टॅट काढून टाक भाऊ." "वॉरंटी-बिरंटी काही खरं नसतं." सांगणारा आपुलकीनेच सांगत असतो आणि त्याने तीस-चाळीस वर्षे गाडी चालवलेली असते. पण हे सल्ले एका वेगळ्या काळात, वेगळ्या यंत्रासाठी तयार झाले आहेत. ते आले कुठून, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर याच दोन गाड्या पुढची कित्येक वर्षे मुख्यतः रस्त्यावर दिसत. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे, त्यामुळे पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी खराब निघाली म्हणून परत करण्याचा विचार कुणाच्या मनात येत नसे. तक्रार करायची तरी कुणाकडे? सुटा भाग मुंबईहून मागवायचा, तोवर मिस्तरीने जुनाच घासून-ठोकून चालता करायचा.

त्यात आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असे. इंजिनच्या धगीने पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होई. पंप पातळ पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. मग पारोळ्याच्या पुढे भर दुपारी गाडी गप्प. यावर उपाय होता ओल्या फडक्याचा. डिकीत पाण्याचा कॅन असायचाच, फडके भिजवून पंपावर गुंडाळायचे, निंबाच्या सावलीत वीस मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सेल्फ मारायचा. रस्त्याने जाणारा कुणीतरी हटकून विचारायचा, "तापनी का भो?" पॉइंटची फट, कार्बोरेटरचा स्क्रू, फॅनबेल्टचा ताण हे सगळे हाताने आणि कानाने ठरे. या मिस्तरींविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांचे ज्ञान खरे होते आणि त्या यंत्रासाठी ते पुरेसे होते.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्लाही त्याच काळातला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती गंजून बंदच अडकली की इंजिन उकळायचे. इथे थंडीचे दिवस मोजके, तेव्हा मिस्तरी ती काढूनच टाकत आणि जुन्या गाडीला त्याने फारसे बिघडत नसे. आजच्या गाडीत कॉम्प्युटर पाण्याचे तापमान पाहून पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. झडप काढली की त्याला इंजिन थंडच वाटते, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. नंतर इंजिनचा मोठा बिघाड निघाला तर कंपनीला वॉरंटी नाकारायला हे एकच कारण पुरते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास, इंजिन ७९६ सीसीचे. या गाडीबरोबर फ्री सर्व्हिसिंगची कुपने लावलेले सर्व्हिस बुक घरोघरी पोहोचले. खान्देशाची अडचण अंतराची होती. आमच्या घरी त्या दशकाच्या अखेरीस गाडी आली ती नाशिकहून. जळगाव ते नाशिक अडीचशे किलोमीटर, जाऊन-येऊन पाचशे. पहिली सर्व्हिसिंग हजार किलोमीटरला. म्हणजे त्या हजारातले पाचशे गाडी घरी आणण्यात आणि सर्व्हिसिंगला नेण्यातच संपणार! वडील एकदा गेले. पुढची कुपने कपाटातल्या डब्यात जशीच्या तशी राहिली आणि तेल बदलायला गाडी गल्लीतल्या मिस्तरीकडे जाऊ लागली. शहाद्याच्या, चोपड्याच्या, रावेरच्या माणसाने याहून वेगळे काय करायचे होते? "शोरूम लांब, मिस्तरी जवळ" ही सवय अशी लागली. पुढे शोरूम जवळ आले तरी ती राहिली.

१९९३ मध्ये मोटारउद्योगावरचे परवान्याचे बंधन उठले आणि पाच-सात वर्षांत बाजार गाड्यांनी भरला. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, कंपनीने अनेक भाग विनामूल्य बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-२ आणली. इतक्या मोठ्या प्रमाणावर कंपनी आपल्या चुका दुरुस्त करते, हे सामान्य गाडीमालकाने तेव्हा प्रथमच पाहिले. याच सुमारास कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारे इंजेक्शन आले, आणि कानाने गाडी ओळखणाऱ्या मिस्तरीला पहिल्यांदा बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरची गरज पडली.

माझा स्वतःचा अनुभव २००७ चा. दोन वर्षांची वॉरंटी असलेली गाडी, चौदाव्या महिन्यात पॉवर स्टिअरिंग आवाज करू लागले आणि वळताना जड झाले. डीलरने सर्व्हिस बुक उघडले. दहा हजार किलोमीटरच्या पानावर शिक्का नव्हता. ती सर्व्हिसिंग मी घराजवळ करून घेतली होती. तेल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे, फिल्टरही अस्सल, पण बिल घेतले नव्हते. क्लेम नाकारला. खर्च मी केला. इंजिनच्या तेलाचा आणि स्टिअरिंगचा संबंध काय, हा साधा प्रश्न मला काउंटरवर उभे असताना सुचला नाही. आजही त्याची रुखरुख आहे.

तो प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला गेला २०१४ मध्ये. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्यांनी अधिकृत डीलरांपुरतीच ठेवली आणि बाहेरच्या गॅरेजांची वाट अडवली, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सगळी वॉरंटी रद्द अशी सरसकट अट घालता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे आयोगाने स्पष्ट केले. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकचेऱ्या लांबल्या आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतली भाषा कडकच राहिली. पण डीलरने क्लेम नाकारला तर नकाराचे कारण आणि बाहेर केलेल्या कामाचा त्याच्याशी असलेला संबंध लेखी मागावा. बाहेर काम करून घेतलेच तर बिलावर तारीख, किलोमीटर, तेलाचा ग्रेड आणि भागांचे नंबर हवेत.

ग्राहकाच्या बाजूने कायदा उभा राहण्याची कथा मात्र महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८४ मध्ये मक्तेदारी कायद्यात दुरुस्ती होऊन खोट्या हमीसारख्या अनुचित व्यापारी प्रथा त्याच्या कक्षेत आल्या, आणि २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच (आताचे जिल्हा आयोग) आले. पण तक्रार साधारणपणे जिथे विक्रेता किंवा त्याची शाखा, अथवा जिथे व्यवहार घडला, तिथेच करावी लागे. नाशिकला किंवा सुरतेला गाडी घेतलेल्या खान्देशी माणसाने तारखांना किती फेऱ्या मारायच्या? २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार घेण्याची सोय केली. लांबच्या शोरूमची गाडी वापरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी इतका मोठा बदल दुसरा झालेला नाही, असे मला वाटते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणत डीलर दिवस ढकलतो आणि ही दोन वर्षे निघून जातात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तर बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

नवी गाडीच बदलून द्या, ही मागणी मात्र सहसा टिकत नाही. क्लच सदोष असलेल्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की वॉरंटीत भाग बदलून देण्याचे वचन असेल तर भाग बदलून मिळेल, पूर्ण गाडी नाही. दोष निर्मितीतला आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि आयोग वाहन तपासणीला पाठवू शकतो. त्याच्याही आधी कामाला येते ते जॉब कार्ड, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रारी आणि कामे लिहून देते तो कागद. तोंडी सांगून गाडी सोडून येऊ नये. "तिसऱ्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला डावीकडून खडखड" असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे, त्यांना दोष सापडला नाही तर तेही लिहून घ्यावे. एकच तक्रार चार जॉब कार्डांवर आली की ती आपोआप पुरावा होते.

काही दोष आपल्या भूगोलातूनच येतात. फागणे-तरसोद चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले, त्या काळात धुळे-जळगाव करणाऱ्यांचे लोअर आर्म बुश आणि लिंक रॉड हे सस्पेन्शनचे भाग वारंवार गेले. बुश, क्लच प्लेट, ब्रेक पॅड हे झिजणारे भाग म्हणून सहसा वॉरंटीबाहेर असतात. पण पाच-सात हजार किलोमीटरमध्येच बुश फाटला तर ती झीज म्हणून गप्प बसू नये. केळीच्या नाहीतर उसाच्या शेताजवळ गाडी उभी राहते तिथे उंदीर वायरिंग कुरतडतात. तेही वॉरंटीत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर तिकडे विचारावे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी तो तुंबतो. दिवा लागताच हायवेला भुसावळपर्यंत एका वेगाने चालवून आणली तर बहुतेक वेळा तो स्वतःच साफ होतो.

रिकॉलचे, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावण्याचे नियमही नवेच आहेत. मोटार कंपन्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने आचारसंहिता केली, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने रिकॉलला सक्तीचा आधार दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतील वाहनांना नियम लागू झाले. आपल्याकडे पुणे, मुंबई, सुरतेहून सेकंडहँड गाड्या फार येतात आणि कंपनीच्या नोंदीत फोन जुन्या मालकाचाच राहतो. रिकॉलचा निरोप त्यालाच जातो. चासिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः तपासणे आणि डीलरकडे आपला नंबर नोंदवणे, दोन्ही कामे दहा मिनिटांची आहेत.

गेल्या मे महिन्यात एरंडोलजवळ माझ्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढला. थांबलो, थंड होऊ दिली आणि हळूहळू मिस्तरीच्या गॅरेजवर नेली. आता तिथे त्याचा मुलगा बसतो. त्याने स्कॅनर जोडला. रेडिएटरचा पंखा सुरूच होत नव्हता, रिले गेला होता. "काका, वॉरंटीत आहे, मी हात लावत नाही," तो म्हणाला आणि कोड, तारीख, किलोमीटर एका कागदावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस ॲडव्हायझरकडून तो कोड जॉब कार्डावर जसाच्या तसा उतरवून घेतला. रिले विनामूल्य बदलून मिळाला. मुलाचा तो कागद आता सर्व्हिस बुकातच आहे.