एल्डरबेरी : औषधी गुण आणि वापर

साम्बुकस प्रजातीतील झुडपांना घोसाने लागणारी लहान, गोल, काळी-जांभळी फळे. औषधासाठी मुख्यतः यूरोपातील साम्बुकस नायग्रा आणि उत्तर अमेरिकेतील साम्बुकस कॅनाडेन्सिस या जातींची फळे वापरतात. सर्दी आणि फ्लूवरचा घरगुती उपाय ही या फळाची मोठी ओळख. तिच्यात थोडे तथ्य आहे, पण सिरपच्या जाहिराती सांगतात तेवढे नाही. शिवाय पूर्ण पिकलेले फळसुद्धा न शिजवता खाऊ नये.

१०० ग्रॅम ताज्या फळांत सुमारे ७३ किलोकॅलरी, १८ ग्रॅम कर्बोदके, ७ ग्रॅम तंतू आणि ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. हे आकडे सिरपला जसेच्या तसे लावता येत नाहीत. उकळताना क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, गाळताना बहुतेक तंतू चोथ्याबरोबर जातात आणि साखर वा मधाने कॅलरी वाढतात. गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. प्रयोगशाळेत फळांचा अर्क फ्लूच्या विषाणूंना पेशीत शिरण्यापासून काही प्रमाणात रोखतो. मात्र ही रंगद्रव्ये आतड्यातून रक्तात फारच थोडी शोषली जातात, त्यामुळे काचेच्या बशीतला परिणाम शरीरातही तसाच होईल असे धरता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. नॉर्वेत फ्लूच्या ६० रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सिरप सुरू करण्यात आले. मात्रा होती १५ मिलिलिटर, दिवसातून ४ वेळा, ५ दिवस. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सिरप घेणारे सरासरी ४ दिवस आधी बरे झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३१२ विमानप्रवाशांवरील चाचणीत सर्दी होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही, पण ज्यांना झाली त्यांची लवकर ओसरली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र, तपासणीत फ्लू निश्चित झालेल्या रुग्णांवर हेच फळ वापरले आणि त्यांचे दुखणे ना लवकर आटोपले ना हलके झाले. एकंदरीत, सर्दीचा त्रास थोडा कमी होण्याची शक्यता आहे. आजार टळतो, याला भक्कम पुरावा नाही. फ्लूच्या लसीला किंवा डॉक्टरांनी दिलेल्या विषाणूविरोधी औषधाला हा पर्याय नव्हे.

पाने, साल, मुळे, देठ आणि हिरवी फळे यांत साम्बुनायग्रिनसारखी सायनाइडजनक द्रव्ये असतात. बियांतही ती थोडीफार आढळतात. भाग चेचला की त्यांतून हायड्रोजन सायनाइड सुटते. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे काउंटीत पाने आणि फांद्यांसकट चेचून काढलेला न शिजवलेला रस प्यायल्याने अनेकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि अशक्तपणा जाणवू लागला. ८ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. सगळे बरे झाले. सिरपच्या कृतीतली बहुतेक पथ्ये या विषामुळेच आली आहेत.

रानातून फळे तोडताना ओळख पक्की हवी. एल्डर हे खोड कठीण होणारे झुडूप आहे. पाने समोरासमोर, प्रत्येकात बहुधा ५ ते ७ पर्णिका. सालीवर खरबरीत पुटकुळ्या असतात आणि कोवळी फांदी मोडली की आत पांढरा, हलका गाभा दिसतो. फळांचा घोस छत्रीसारखा पसरट असतो आणि पिकल्यावर खाली झुकतो. पोकवीड या विषारी झाडाची फळेही काळी-जांभळी, पण ती लांबट मंजिरीवर लागतात, त्याची पाने एकाआड एक आणि साधी असतात. साम्बुकस एबुलस ही बुटकी जात दरवर्षी जमिनीतून नव्याने फुटते आणि तिचे घोस वर तोंड करून उभे राहतात. तिची फळे घेऊ नयेत.

फळे देठांपासून सोडवणे हे सगळ्यात कंटाळवाणे काम. घोस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पातेल्यावर झटकले की फळे सहज गळतात, बारीक देठ तेवढे निवडावे लागतात. हिरवी, लालसर फळे बाजूला काढावीत. ५०० ग्रॅम फळांना ७५० मिलिलिटर पाणी घालून उकळी आणावी आणि मंद आचेवर ३० मिनिटे शिजवावे. झाकण ठेवू नये : हायड्रोजन सायनाइड जेमतेम २६ अंश सेल्सियसला उकळते, ते वाफेबरोबर निघून गेले पाहिजे. मग फडक्यातून गाळून चोथा हलकेच दाबावा. मिक्सरमधून फिरवू नये, बिया फुटतात आणि रस कडवट होतो. रस कोमट झाल्यावर त्याच्या निम्म्या मापाने मध मिसळावा. सुकी फळे वापरली तरी उकळणे चुकत नाही. भांड्याला कधीकधी हिरवट, चिकट थर बसतो. तो साबणाने हटत नाही, आधी खाद्यतेल चोळावे लागते.

हे सिरप फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवावे, जास्त असेल तर गोठवावे. बाटल्या नुसत्या उकळत्या पाण्यात बंद करून बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, कारण अमेरिकी जातीच्या रसाचा सामू बऱ्याचदा ४.६ च्या वर असतो आणि तेवढ्या कमी आंबटपणात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेले सिरप अजिबात देऊ नये. अवयवरोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नाही. मधुमेहींनी साखर आणि मधाचा हिशेब धरावा.

गंमत म्हणजे यूरोपीय औषध संस्थेने सर्दीच्या सुरुवातीच्या लक्षणांवर पारंपरिक वापर मान्य केला तो एल्डरच्या फुलांचा, फळांचा नाही. १२ वर्षांवरील व्यक्तींसाठी मात्रा अशी : २ ते ५ ग्रॅम सुकी फुले १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात भिजवून, दिवसातून ३ वेळा. आठवड्याहून जास्त काळ लक्षणे टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, ताप चढत राहिला किंवा कफातून पू पडू लागला, तर आठवडाभर थांबू नये.