दमलेल्या वॉर्डासाठी मोबाइलमधली पाच मिनिटं

मिरजेतल्या दवाखान्यांत येणारा पेशंट फक्त सांगली जिल्ह्यातला नसतो. जत-आटपाडीचे, तसेच पलीकडे कर्नाटकातल्या अथणीकडचेही नातेवाईक इथल्या व्हरांड्यांत मुक्काम ठोकून असतात. या गर्दीत राबणारी सिस्टर, निवासी डॉक्टर, वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी थकणारच. पण थकवा वेगळा आणि बर्नआउट वेगळं, आणि ध्यानाचं अ‍ॅप कुणाच्या किती उपयोगाचं हे या फरकावरच ठरतं.

साधा थकवा दोन रात्री सलग झोप मिळाली की उतरतो. बर्नआउट मात्र आठवड्याची रजा काढून आलं तरी पहिल्याच पाळीत समोर उभं असतं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मॅस्लॅक यांनी 1981 मध्ये सहकारी सुसान जॅक्सन यांच्यासोबत ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन बाजू आहेत: मन पार आटून जाणं, पेशंटबद्दल कोरडेपणा येणं, म्हणजे आजोबांचं नाव जाऊन फक्त ‘सात नंबरचा हर्निया’ उरणं, आणि आपल्या कामाचा काही उपयोग होत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही. कामाच्या जागचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही तर होणारा परिणाम, अशी ती नोंद आहे. म्हणजे मूळ कामाच्या जागेत आहे आणि अ‍ॅप काम करतं माणसावर. ते प्रामुख्याने पहिल्या बाजूला हात घालतं, फायदाही माफक असतो. तरी तो खरा आहे आणि फुकटात मिळण्यासारखा आहे, म्हणून तो नीट पदरात पाडून घ्यावा.

यात नेमकं घडतं काय? श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना वाढते. सोडणं लांबवलं की शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो. मनात चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. एरवी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. दुसरा भाग लक्षाचा. तीन-चार श्वासांतच मन पाच नंबरच्या सलाइनकडे पळतं. ते पळालंय हे ध्यानात येणं आणि त्याला परत श्वासावर आणणं, हाच सगळा व्यायाम आहे. मन पळालं म्हणजे आपल्याला जमत नाही असं समजून बरेच जण इथेच सोडून देतात, आणि तो गैरसमज आहे.

अ‍ॅप सुटतं तेही लवकर. मानसिक आरोग्याच्या 93 अ‍ॅप्सच्या वापराची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. पंधराव्या दिवशी ती उघडणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम चार टक्के निघालं. त्यामुळे ‘वेळ मिळेल तेव्हा करू’ असं ठरवून चालत नाही. ते ड्युटीतल्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावं लागतं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवून झाल्यावर, चप्पल बदलायच्या आधी, ड्युटीरूममधली खुर्ची. पाय जमिनीवर टेकवायचे, डोळे अर्धे उघडे ठेवायचे, पाच मिनिटं. घरी जाऊन अंथरुणावर करू म्हटलं तर नाईटनंतर दुसऱ्या मिनिटाला झोप लागते. झोप हवीच असते, पण तो सराव होत नाही.

मोबाइल हातात घेतला की वॉर्डच्या ग्रुपवरचे चाळीस मेसेज आधी दिसतात आणि पाच मिनिटं तिथेच जातात. म्हणून ऑडिओ आधीच डाउनलोड करून ठेवावा आणि करताना फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर रेंज नसते, तिथेही यामुळे अडत नाही. ‘सलग इतके दिवस’ मोजणारी सूचना बंद करावी. चार नाईट लागल्या की ती साखळी तुटते आणि उगाच अपराधी वाटतं. सात दिवस फुकट असलेल्या अ‍ॅपने ऑटोपेची परवानगी घेतली असेल, तर यूपीआयमध्ये जाऊन ती त्याच दिवशी रद्द करावी. आयुष मंत्रालयाचं ‘वाय-ब्रेक’ विनामूल्य आहे. त्यात पाच मिनिटांत हलकी आसनं, प्राणायाम आणि ध्यान बसवलंय. ज्यांची पाठ-मान अवघडते त्यांना नुसतं बसण्यापेक्षा हे मानवतं. मनासारखा मराठी आवाज सापडला नाही तर वॉर्डातल्याच एखाद्या शांत आवाजाच्या सिस्टरकडून पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून घ्यावं. 

आयसीयूत किंवा वॉर्डात पेशंट आपल्या ताब्यात असताना इअरफोन कानात नकोच. मॉनिटरचा अलार्म ऐकू आला नाही तर पुढचं सांगायला नको. तिथे अ‍ॅपशिवायचा उपाय आहे. दोन पेशंटच्या मध्ये हातांना सॅनिटायझर चोळायला 20 ते 30 सेकंद लागतातच. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. गार लागलेलं द्रव सुकेपर्यंत लक्ष फक्त हातांवर ठेवायचं. पाळीत हे कितीतरी वेळा घडतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि हातही नीट निर्जंतुक होतात.

एक धोका मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. वॉर्डात नुकतंच लहान मूल गेलं असेल, किंवा नातेवाइकांनी अंगावर धावून जाण्याचा प्रकार घडला असेल, तर डोळे मिटून शांत बसल्यावर तेच दृश्य पुन्हा उभं राहू शकतं. छाती धडधडली, श्वासावर लक्ष दिल्याने गुदमरल्यासारखं झालं, तर लगेच थांबावं. डोळे उघडून तळपायाखालची फरशी जाणवून घ्यावी, समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यावीत, कुणाशी तरी बोलावं. झोप उडालेली राहिली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर अ‍ॅप बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा शासनाचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सहा ते आठ आठवडे केल्यावर फरक पडला का, हे अंदाजाने ठरवू नये. कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली 19 प्रश्नांची आहे, तिला पैसे लागत नाहीत. सुरुवातीला एकदा आणि आठ आठवड्यांनी एकदा भरावी, नाव न लिहिता. तिच्यात स्वतःचा थकवा, कामामुळे आलेला थकवा आणि पेशंटमुळे आलेला थकवा हे भाग वेगळे निघतात. पहिला उतरला आणि कामाचा तसाच राहिला, तर दोष सिस्टरच्या सरावात शोधू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत माइंडफुलनेससारख्या, म्हणजे चालू क्षणावर लक्ष ठेवण्याच्या कौशल्यांसोबत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कामाचा बोजा घटवणं आणि पाळ्या बदलणं हेही सुचवलंय. प्रश्नावलीच्या निकालाचा कागद मग इन्चार्ज सिस्टरने मेट्रनच्या टेबलावर ठेवावा, आणि सोबत पुढच्या महिन्याचं ड्युटीपत्रकही न्यावं: सलग किती नाईट लागल्यात आणि रिकामी पदं किती, हे त्यात लाल पेनाने दाखवलेलं.